गवतावर पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी टीवायबीएस्सीला आहे, वनस्पतिशास्त्र घेऊन. ओट्सच्या रानटी जातींमधल्या जनुकीय विविधतेवर संशोधन करायचं म्हणते. आम्ही दोघं बँकेत. गवताचा अभ्यास करून पोट भरेल का? – एक आई, मुलुंड

ताई, त्या गवताला इतक्यात नावं ठेवू नका. ओटच्या पिकावर क्राउन रस्ट नावाचा तांबेरा पडतो. त्याला दाद न देणारी कितीतरी जनुकं भूमध्य समुद्राच्या आसपास उगवणाऱ्या अव्हेना स्टेरिलिस या रानटी ओटमधून पिकात आणली गेली. दोघांचीही गुणसूत्रं ४२, म्हणून संकर जमतो. मोरोक्कोतल्या अव्हेना मॅग्नात प्रथिनं भरपूर, पण गुणसूत्रं २८. तिथे संकराची रोपं बहुतेक वांझ निघतात आणि पुढची वर्षं ती अडचण सोडवण्यात जातात. पीएचडी संपेपर्यंत नवं वाण हातात येईल, असं तिने धरून चालू नये.

पैशाचं विचारलंत. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता. पुढच्या कायम जागा मात्र मोजक्या. बियाणे कंपन्या घेतात, पण त्यांना मका-कापूस-भाजीपाला येणारी माणसं लागतात.

मला खटकतं ते ओटच. आपल्याकडे ते मुख्यतः जनावरांचा चारा. झाशीची चारा संशोधन संस्था आणि काही कृषी विद्यापीठं सोडली तर काम कुठे? शिवाय त्याचे रानटी भाऊबंद मोरोक्को-इस्रायलकडे. मूग-उडदाचे मात्र सह्याद्रीतच आहेत, आणि भातावर काम करणारं केंद्र तर लोकलने जाता येईल असं कर्जतला. तंत्र तेच, पीक बदला.

पावसाळा सरला की तिला ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात पाठवा. मोज्यांत रुतलेलं कुसळी गवताचं एक कुसळ भिंगाखाली धरून त्यावर पाण्याचा थेंब टाकू दे. पीळ सुटत कुसळ गरगर फिरतं. रानटी ओटचं बीही असंच स्वतःला मातीत रोवतं. हे बघताना तिला जेवायची आठवण राहिली नाही, तर अडवू नका.

फक्त एमएस्सीचा विषय ठरवण्याआधी कृषी शास्त्रज्ञ भरतीची जुनी जाहिरात काढून पात्रतेचा रकाना वाचा. काही विषयांना कृषीचीच पदवी मागतात, आणि हे बऱ्याच मुलांना एमएस्सी झाल्यावर कळतं.