गावाकडचं घर वर्षभर बंद ठेवताना नळांचं काय करायचं?

ताई, तुमचा मुलगा कॅनडात हिवाळ्यात घर बंद करताना पाइपांतलं सगळं पाणी काढून टाकतो. तुमचं उदगीरकडचं घर दिवाळी ते दिवाळी बंद असतं, तर आपल्याकडंही तसं करावं का, असं तुम्ही विचारलंय. करावंच. तिकडं पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. आपल्याकडं गोठत नाही, पण बंद घरात पाणी सुटलं की बघायला कुणी नसतं.

आमच्या घराचंच सांगतो. गावात आठवड्यातून एकदा पाणी येतं. निघायच्या दिवशी मोरीतला नळ सोडून बघितला, पाणी नव्हतं, नळ तसाच राहिला. त्यानंतर दर पाळीला पाणी येत राहिलं आणि जाळीत कचरा अडकल्यामुळं घरात तुंबत राहिलं. दोन महिन्यांनी दार उघडलं तर शहाबादी फरशा मधोमध उचललेल्या आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली बोट जाईल एवढी भेग. पायाखाली काळी माती आहे. ती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात भेगा पडतात, तेच घराखाली होतं. ती भिंत शेवटी पाडून बांधावी लागली.

म्हणून नळ घरात शिरतो तिथला व्हॉल्व्ह आधी बंद करा. क्षाराच्या पाण्यानं तो बहुतेक जाम झालेला असतो, त्यामुळं आठ दिवस आधीच प्लंबरला दाखवा. चाकी फिरली म्हणजे पाणी थांबलं असं नाही. पाणी यायच्या दिवशी खालचा नळ सोडून खात्री करा. मग पाइप रिकामे करून सगळे नळ आठवणीनं बंद करा. बोअरच्या मोटारीचा फ्यूजच काढून ठेवा. ऑटोवर राहिली तर वीज आली की सुरू होते, आणि बोअर आटलेलं असेल तर कोरडी फिरून जळते.

गच्चीवरची टाकी मात्र पूर्ण रिकामी करू नका. वळवाच्या वादळात रिकामी टाकी उडते. पाव टाकी पाणी ठेवा, पण ते रिकाम्या पाइपांत उतरू नये म्हणून टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा. टाकी तारेनं बांधा, झाकण घट्ट लावा आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी बांधा, नाहीतर डास होतात. उघड्यावरचा पीव्हीसी पाइप उन्हानं ठिसूळ होतो, त्याला पांढरा रंग मारा.

पाइप कोरडे, पण संडासाचं भांडं आणि मोरीचा ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी साठून राहणारा भाग, भरलेला हवा. तिथलं पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. आपल्या उन्हाळ्यात ते आटतं, म्हणून त्यावर दोन-तीन चमचे गोडेतेल सोडा. तेलाच्या थरामुळं पाणी खूप सावकाश आटतं. एक किल्ली शेजारी द्या, महिन्यातून एकदा ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायला सांगा.

परत आल्यावर व्हॉल्व्ह एकदम सोडू नका. आधी सगळे नळ उघडे ठेवा, व्हॉल्व्ह थोडा थोडा सोडा, अडकलेली हवा फुसफुसत निघून जाऊ द्या. धार एकसारखी लागली की एकेक नळ बंद करत या.