पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या लिनक्स कार्यशाळेच्या फ्लेक्सवर पेंग्विन छापायचाय. तो लोगो आहे का, आणि कधी बदलला का?

टक्स, म्हणजे हा पेंग्विन, लोगो नाही, लिनक्स या संगणक प्रणालीचा शुभंकर आहे. आणि १९९६पासून जवळजवळ तसाच आहे. लॅरी इविंगने तो गिंप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला, पण लोगोच्या स्पर्धेत तो जिंकलाच नाही! लिनक्सचा निर्माता लिनस टोरवाल्ड्स, त्याला पेंग्विन आवडायचे, म्हणून टिकला. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, टक्स एकदाच सुट्टीवर गेला: २००९च्या २.६.२९ आवृत्तीत टास्मानियन डेव्हिल हा ऑस्ट्रेलियातला प्राणी वाचवण्याच्या मोहिमेसाठी त्याच प्राण्याचं चित्र ‘टझ’ आलं, तेही खोटी चोच लावून. छापायला हरकत नाही. इविंगने वापरायची आणि बदलायचीही मुभा दिली आहे, त्यामुळे पुणेरी पगडी खुशाल चढवा. फक्त कोणी विचारलं तर इविंग आणि गिंपचं नाव सांगायचं, एवढीच त्याची अट.