किनारा सुटल्यानंतर : नदीवरील सायंभोजनाविषयी वाचकांचे प्रश्न

संध्याकाळी धक्क्यावरून निघणारी बोट, आत मांडलेला बुफे, एका कोपऱ्यात गाणारे-वाजवणारे कलावंत आणि दोन-अडीच तासांनी पुन्हा तोच धक्का, अशा जलसफरींविषयी बरीच पत्रे साठली होती, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रांतील तक्रारी निरनिराळ्या असल्या, तरी बहुतेकींचे मूळ एकच दिसते. बोटीवरचे जेवण म्हणजे उपाहारगृहातलेच जेवण, फक्त खिडकीबाहेर रस्त्याऐवजी पाणी, असे आपण गृहीत धरतो. उपाहारगृहात टेबल पसंत पडले नाही, गाणे कानाला टोचू लागले किंवा शेजारी कटकटे निघाले, तर बिल देऊन उठता येते. बोटीवर चढण्याची फळी एकदा ओढून घेतली, की जागा, वारा, आवाज आणि शेजार हे सारे परतेपर्यंत पत्करावेच लागते. त्यामुळे पुढील उत्तरांत पाय जमिनीवर असताना काय विचारून घ्यावे, यावर भर अधिक आहे.

प्रश्न : आईवडिलांच्या लग्नाचा चाळीसावा वाढदिवस बोटीवर साजरा करावा, असा आम्हा भावंडांचा विचार आहे. वडिलांचे गुडघे दुखतात, आईला गाण्याची आवड आहे. वरचा मोकळा डेक घ्यावा की खालचे बंद दालन? खिडकीलगतच्या टेबलासाठी जादा पैसे मागत आहेत. ते द्यावेत का?

उत्तर : जादा पैसे देण्यापूर्वी बोट किती वाजता सुटते आणि त्या दिवशी सूर्य किती वाजता मावळतो, या दोन वेळा शेजारी मांडून पाहाव्यात. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत जो संधिप्रकाश टिकतो, तो विषुववृत्ताच्या आसपास वीस-पंचवीस मिनिटांत संपतो आणि उत्तरेकडे वा दक्षिणेकडे जावे तसा लांबत जातो. तो संपून दालनातले दिवे लागले, की आतला उजेड बाहेरच्यापेक्षा जास्त झाल्यामुळे खिडकीच्या काचेचा आरसा होतो, आणि नदी पाहण्यासाठी वेगळे पैसे मोजलेला माणूस उरलेला वेळ स्वतःकडेच पाहत जेवतो. बोट सूर्यास्तापूर्वी तासभर तरी सुटत असेल, तर खिडकीचे पैसे वाया जाणार नाहीत. अंधार पडल्यावर सुटणार असेल, तर मी ते देणार नाही. किनाऱ्यावर रोषणाई असली, तरी ती काचेतून पाहण्यापेक्षा पाच मिनिटे कठड्याशी उभे राहून पाहिलेली बरी.

आता डेकविषयी. बुफे कोणत्या मजल्यावर मांडतात, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. तो बहुधा खालच्या दालनात असतो, आणि बोटीवरचे जिने घरातल्या जिन्यांपेक्षा उभे व अरुंद असतात. भरलेली ताटली हातात धरून ते चढणे धडधाकट माणसालाही अवघड जाते, तेव्हा आपल्या वडिलांसाठी खालच्याच दालनातले, शक्यतो बोटीच्या मध्याजवळचे टेबल घ्यावे. वरच्या डेकवर वारा किती लागेल याचा अंदाज किनाऱ्यावरून येत नाही. ताशी पंधरा किलोमीटर वेगाचा वारा समोरून येत असेल आणि बोट ताशी दहा किलोमीटर वेगाने त्याला सामोरी चालली असेल, तर डेकवरच्या माणसाला तो ताशी पंचवीस किलोमीटरचा लागतो. तेवढ्या वाऱ्यात कागदी रुमाल उडतात आणि अन्न ताटलीत घेता घेता निवते. शाल बरोबर असू द्यावी, पण शालीने अन्न गरम राहत नाही.

आणखी एक गोष्ट फारसे कोणी विचारत नाही : बोट आधी प्रवाहाविरुद्ध जाते की प्रवाहाबरोबर? स्थिर पाण्यात ताशी दहा किलोमीटर जाणारी बोट ताशी चार किलोमीटरच्या प्रवाहाविरुद्ध केवळ सहा किलोमीटर पुढे सरकते आणि परतताना चौदा किलोमीटर. म्हणजे सहा किलोमीटर वर जायला एक तास लागला, तर तेच अंतर उतरायला सव्वीस मिनिटेही लागत नाहीत. आधी वर जाणाऱ्या बोटीवर सफरीचा मोठा भाग जाताना खर्च होतो, आणि त्या वेळी इंजिनही अधिक जोर लावत असते. परतीच्या वाटेवर कप्तानाने इंजिन मंद केले, की दालनातली घरघर उतरते. आपल्या आईला आवडणारे गाणे म्हणायला सांगायचे असेल, तर ते परतीसाठी राखून ठेवावे. केकही तेव्हाच कापावा, कारण तोवर बुफेपाशी असलेली धांदल ओसरलेली असते.

प्रश्न : आमचे घर नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे. बोटीवरचे गाणे आम्हाला घरात शब्दन्‌शब्द ऐकू येते. परंतु त्याच बोटीवर आम्ही जेवायला गेलो, तेव्हा समोर बसलेल्या माणसाचे बोलणे कळेना. हे कसे?

उत्तर : आलेल्या पत्रांत मला सर्वांत आवडलेला प्रश्न हाच. दोन्ही अनुभव खरे आहेत आणि दोहोंची कारणे निराळी आहेत.

आधी घरचा अनुभव पाहू. ध्वनी उबदार हवेत अधिक वेगाने जातो. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की त्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. उन्हाने तापलेल्या दिवसाअखेर नदीचे पाणी वरच्या हवेपेक्षा गार असेल, तर पाण्यालगतचा हवेचा थर गार आणि त्याच्या वरचा थर उबदार राहतो. वर निघालेल्या ध्वनिलहरींचा माथा उबदार थरात अधिक वेगाने पुढे जातो, त्यामुळे त्या वाकून पुन्हा खाली येतात. त्यात पाण्याचा सपाट पृष्ठभाग आवाज शोषून घेत नाही, परतवतो. वाटेत झाड नाही, भिंत नाही. एरवी आकाशात विरून गेला असता तो आवाज पाण्याच्या अंगाअंगाने आपल्या खिडकीशी येतो. बोटीवरच्या मंडळींना याची कल्पना नसते, आणि म्हणून स्पीकर बाहेरच्या डेकवर ठेवण्यास माझा विरोध आहे. तीरावर राहणाऱ्यांनी तिकीट काढलेले नसते.

आता बोटीवरचा अनुभव. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासून दुप्पट दूर गेले, की त्याची पातळी साधारण सहा डेसिबलने उतरते. ठेंगण्या छताच्या आणि चहूकडून काचा असलेल्या दालनात तसे होत नाही, कारण प्रत्येक काच आवाज आतच परतवते. त्याखाली इंजिनाचा खर्ज अखंड चालू असतो. गायिकेचा आवाज त्यावर यावा म्हणून स्पीकर वाढवला जातो, त्यावर आपले बोलणे पोहोचावे म्हणून जेवणारे आवाज चढवतात, आणि तो गलबला झाकण्यासाठी स्पीकर आणखी वाढतो. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो, हे फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी १९११ साली नोंदवले आणि या प्रवृत्तीला त्यांचेच नाव मिळाले. छोट्या दालनात दोन वाद्ये आणि एक गळा पुरेसा असतो, असे माझे मत आहे. ड्रमचा संच असलेल्या बोटीवर गप्पा मारण्याच्या अपेक्षेने जाऊ नये. मी एकदा स्पीकरसमोरचे टेबल ‘मंचाजवळची मानाची जागा’ समजून आनंदाने स्वीकारले होते, आणि सोबतच्या मित्राने त्या संध्याकाळी मला काय सांगितले, हे मला आजही ठाऊक नाही. टेबल मंचाच्या समोर न घेता बाजूला आणि थोडे मागे घ्यावे. आरक्षण करताना स्पीकर कोणत्या दिशेला तोंड करून आहेत, हे विचारण्यात संकोच करू नये.

प्रश्न : बुफेतले अन्न बोटीवरच शिजते का? ते कितपत ताजे असते?

उत्तर : बोटीवर स्वयंपाकाला जागा थोडी आणि आगीची धास्ती मोठी, त्यामुळे बरेच पदार्थ किनाऱ्यावर शिजवून उष्णता राखणाऱ्या पेट्यांतून आणले जातात आणि गरम पाण्याच्या तबकांवर मांडले जातात. यात गैर काही नाही, तापमान राखले की झाले. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे, की वाढून होईपर्यंत गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली असावे, आणि शिजलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून अधिक काळ राहू नये. हे दोन तास बोट सुटल्यापासून मोजायचे नसतात. अन्न उष्णतेवरून उतरले तेव्हापासूनच ते मोजले जातात, हे लक्षात घ्यावे. भात, मांस, मासे आणि दुधाचे पदार्थ यांबाबत जरा चोखंदळ असावे. झाकण उघडल्यावर वाफ येत नसेल, तर तो पदार्थ गरम करून मागावा, आणि बर्फाशिवाय ठेवलेले थंड पदार्थ सोडून द्यावेत.

केव्हा उठावे, हेही अनेकांनी विचारले आहे. बोट सुटताच सगळे रांगेत उभे राहतात, आणि नेमका तोच संधिप्रकाशाचा वेळ असतो. तो डेकवर घालवावा आणि अर्ध्या-पाऊण तासाने जेवायला यावे. त्याहून उशीर मात्र करू नये, कारण धक्का जवळ आला की आवराआवर सुरू होते.

प्रश्न : मला बसमध्येही मळमळते. नदीवर बोट लागेल का?

उत्तर : समुद्राइतकी नाही. कान हालचाल सांगतो आणि डोळे स्थिर टेबल पाहतात, या विसंगतीतून मळमळ येते. नदीवर लाटा लहान असतात आणि तीर सतत नजरेसमोर असतो. खालच्या मजल्यावर मध्यभागी बसावे, मोबाइलमध्ये मान घालू नये आणि अस्वस्थ वाटताच दूरच्या तीराकडे पाहावे. त्रास नेहमीचा असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी.

प्रश्न : वरच्या डेकच्या पुढच्या भागात फ्लॅश मारून छायाचित्रे काढण्यास आम्हाला मनाई करण्यात आली. मौजेसाठी आलेल्यांवर ही सक्ती कशासाठी?

उत्तर : कारण कप्तान मौजेसाठी आलेला नसतो. मानवी डोळ्याला अंधाराला पुरते सरावण्यासाठी वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका झगझगीत प्रकाशाने तो सराव मोडतो. रात्रीच्या नदीत समोरची बोट आकाराने ओळखू येत नाही, ती दिव्यांवरून ओळखावी लागते : तिच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा. लाल व हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ती सरळ आपल्याच दिशेने येत आहे, असा त्याचा अर्थ. २० ऑगस्ट १९८९ च्या मध्यरात्रीनंतर लंडनमध्ये थेम्स नदीवर ‘मार्चिओनेस’ या बोटीवर मेजवानी चालू असताना वाळूउपसा करणारे ‘बोबेल’ हे जहाज तिच्यावर आदळले आणि ५१ माणसे बुडाली. दोन्ही नौकांवरून पुरेशी टेहळणी झाली नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. छायाचित्रे मागच्या डेकवर काढावीत. तिथे उजेडही बरा असतो.

प्रश्न : पूल किंवा रोषणाई आली, की सगळे प्रवासी एका बाजूला धावतात आणि बोट कलल्यासारखी वाटते. हे धोक्याचे आहे का? लाइफ जॅकेट घालूनच बसावे का?

उत्तर : योग्य रीतीने बांधलेल्या आणि परवान्यातल्या संख्येइतकेच प्रवासी घेतलेल्या बोटीचा हिशोब करताना ही धावपळ धरलेली असते, म्हणून थोडा कल म्हणजे संकट नव्हे. धोका वाढतो तो वजन उंचावर गेल्याने. २४ जुलै १९१५ रोजी शिकागो नदीत ‘ईस्टलँड’ ही प्रवासी बोट अडीच हजारांहून अधिक माणसे घेऊन निघायच्या बेतात असताना धक्क्याला बांधलेल्या स्थितीतच कुशीवर कलंडली आणि ८४४ जण मेले. पाणी तिथे जेमतेम सहा मीटर खोल होते. ती बोट मुळातच वरच्या बाजूला जड होती, आणि ‘टायटॅनिक’च्या अपघातानंतर सुरक्षिततेसाठी म्हणून वाढवलेल्या जीवनौकांनी तिचे वरचे वजन आणखी वाढवले होते. म्हणून वरच्या डेकवर किती माणसांना परवानगी आहे, याची पाटी शोधावी, आणि गर्दी त्याहून जास्त दिसली तर खाली बसावे. सुटण्यापूर्वी माणसे मोजली जात नसतील, तर चढूच नये.

लाइफ जॅकेटबाबत बोटीवरचा नियम पाळावा. छोट्या, उघड्या बोटीत ते अंगावर हवेच. मोठ्या बोटीच्या बंद दालनात सहसा ते घालून बसवत नाहीत, कारण दालनात पाणी शिरले तर फुगीर जॅकेट माणसाला छताशी अडकवू शकते. पण ते कुठे ठेवले आहे आणि आपल्या टेबलापासून बाहेर पडण्याचा सर्वांत जवळचा दरवाजा कोणता, हे बसताक्षणी पाहून ठेवावे. मुलांच्या मापाची जॅकेटे आहेत का, हे आरक्षण करतानाच विचारावे.

प्रश्न : पाऊस नसतानाही सफर रद्द झाली आणि ‘नदीला पाणी जास्त आहे’ असे कारण सांगण्यात आले. बोटीला पाणी जास्त असणे चांगलेच नाही का?

उत्तर : बोटीच्या तळाला चांगले, छताला नाही. पाऊस वरच्या खोऱ्यात पडलेला असू शकतो. पातळी एक मीटरने चढली, की पुलाखालची मोकळी जागा एक मीटरने घटते, आणि वरचा डेक असलेल्या बोटीला मग मधल्या एखाद्या ठेंगण्या पुलापुढे जाता येत नाही. शिवाय प्रवाह वाढला, की धक्क्याला लागणे कठीण होते. अशा दिवशी काही ठिकाणी बोट बांधून ठेवून जेवण आणि गाणे तेवढे होते. ते मान्य नसल्यास पैसे परत मिळतील का, हे तिकिटावर लिहून घेतलेले असावे. तोंडी आश्वासनावर राहू नये.

प्रश्न : आम्ही पाच मिनिटे उशिरा पोहोचलो, बोट समोर दिसत होती, तरी थांबली नाही. हा अन्याय नाही का?

उत्तर : नाही. धक्क्यावर दुसरी बोट लागायची असते, आणि सुटलेल्या बोटीला परत फिरवून लावण्यात पाच मिनिटांहून बराच अधिक वेळ जातो. पुढच्या वेळी अर्धा तास आधी पोहोचावे. त्या अर्ध्या तासात स्पीकर कुठे आहेत, हेही पाहून होईल.