पेर्नकोफचा ॲटलास ज्युनियर्सना सुचवावा का?

तुम्ही विचारलंय की नर्व्हच्या शस्त्रक्रियेसाठी पेर्नकोफच्या ॲटलासइतकी (मानवी शरीररचनेच्या चित्रांचा ग्रंथ) स्पष्ट चित्रं दुसरीकडे मिळत नाहीत, पण त्यामागचा नाझी इतिहास कळल्यावर तो ज्युनियर डॉक्टरांना सुचवावा का. मी सुचवतो. सरसकट नाही, आणि इतिहास सांगितल्याशिवाय तर कधीच नाही.

एदुआर्द पेर्नकोफ 1933 पासून नाझी पक्षात होता. 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर तो व्हिएन्नाच्या मेडिकल फॅकल्टीचा डीन झाला आणि 197 पैकी 153 शिक्षकांना घरी बसवलं. त्यांत बहुतेक ज्यू. त्याचा चित्रकार लेपियर सहीत स्वस्तिक काढायचा, नंतरच्या आवृत्त्यांत ते गुपचूप पुसलं गेलं. पण खरी गोष्ट सहीपुरती नाही. विद्यापीठाची चौकशी 1998 मध्ये पूर्ण झाली तेव्हा, नाझी काळात मृत्युदंड दिलेल्या किमान 1377 जणांचे देह शरीररचना विभागाकडे आल्याचं उघड झालं. त्यांत राजकीय विरोधकही होते. ॲटलासमधली चित्रंही अशा देहांवरून काढली गेली असण्याची दाट शक्यता आहे.

‘पेर्नकोफ 1955 मध्येच वारला, छपाई बंद आहे, आपण फुकटची पीडीएफ बघतो, मग कुणाचं भलं होतंय?’ असं एक सहकारी म्हणतात. पण हिशेब पेर्नकोफच्या खिशाचा नाहीच. ज्यांना कुणी विचारलंच नाही त्यांचा आहे. (आपल्याकडेही 1949 च्या ॲनाटॉमी ॲक्टखाली बेवारस देह डिसेक्शन हॉलमध्ये येत आलेत. त्यांनी कुठे देहदानाचा फॉर्म भरला होता? त्यांना सरकारने मारलेलं नसतं, हा फरक प्रचंड आहे. तरी फार ताठ मानेने बोलायला आपल्याला जागा नाही.)

अमेरिकेतल्या नर्व्ह सर्जन सुसान मॅकिनन याच पेचात होत्या. त्यावर रब्बी (ज्यू धर्मगुरू) जोसेफ पोलाक यांनी 2017 मध्ये निवाडा दिला. ते स्वतः लहानपणी बर्गन-बेल्झनच्या छळछावणीतून वाचलेले. रुग्णाचा जीव वाचत असेल तर चित्र वापरा, मात्र ते कुठून आलं हे लपवू नका, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, कारण त्यात अट गरजेची आहे, सोयीची नाही.

म्हणून एमबीबीएसच्या मुलांना मी हे नाव सांगत नाही, त्यांना नेहमीची पुस्तकं पुरतात. रेसिडेंट (एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेणारा डॉक्टर) एखाद्या अवघड केसला अडला तर नेमकं ते पान समोर बसवून दाखवतो आणि वरची सगळी हकीकत आधी सांगतो. ग्रुपवर पीडीएफ टाकत नाही. फॉरवर्ड होता होता फाइल पुढे जाते आणि हकीकत मागे राहते.