जुने पाने, जवसाचे तेल आणि अडकलेला कॉटर

सायकल दुरुस्तीच्या जुन्या हत्यारांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. हत्यार कपाटात मांडून ठेवण्यापेक्षा त्याला पुन्हा कामाला लावावे, असे मला वाटते, आणि उत्तरेही त्याच दृष्टीने दिली आहेत.

प्रश्न : माझ्या आजोबांचे बाजारओळीत सायकल दुरुस्तीचे दुकान होते. त्यांच्या लाकडी पेटीतील पाने, पकडी आणि हवेचा पंप मी यंदा बाहेर काढला, गंज घासला आणि सगळ्यांवर घरच्या जवसाच्या तेलाचा हात फिरवला. महिनाभरात सारी हत्यारे चिकट झाली आणि स्लाइड पान्याचा (तोंड लहानमोठे करता येणाऱ्या पान्याचा) स्क्रू तर फिरेनासा झाला. तेल भेसळीचे होते काय?
(एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : तेल अस्सल होते, म्हणूनच असे झाले. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि शेवटी त्याचा पापुद्रा बनतो. तैलरंग आणि वार्निश त्याच्यापासून होतात ते याच गुणामुळे. जे तेल आपल्याकडे चटणीवर धार धरून खातात, ते हलत्या भागांच्या सांध्यात गेले की गोंदाचे काम करते. हातोडीच्या लाकडी दांड्याला मात्र त्याच्यासारखे दुसरे तेल नाही. तेथे ते खुशाल लावावे, पण अगदी पातळ हाताने, आणि अर्ध्या तासाने वरचे जास्तीचे तेल पुसून घ्यावे.

अडकलेला पाना दोन दिवस टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवावा. तेवढ्याने न सुटल्यास धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात टाकून दात घासायच्या जुन्या ब्रशने आटे साफ करावेत. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून तो उन्हात ठेवावा. आपल्याकडच्या वैशाखाच्या उन्हात लोखंड हाताला चटका बसेल इतके तापते आणि खाचेतला ओलावाही निघून जातो. तो गरम असतानाच शिलाई मशीनचे तेल लावावे.

एक सूचना प्रश्नात विचारलेली नसली तरी देणे भाग आहे. जवसाचे तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, ती ढिगात कोंडली जाते आणि काडी न लावताही चिंध्या पेट घेऊ शकतात. त्या तारेवर सुट्या वाळत घालाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो. तो वाळून आकसला की पंप नुसता फुसफुसतो आणि लोक तो भंगारात देतात. वायसर काढून रात्रभर एरंडेलात भिजवावा. एरंडेल वाळत नाही, त्यामुळे चामडे मऊ होते, फुगते आणि नळीला घट्ट बसते. बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालणाऱ्या जुन्या माणसांना हे वेगळे सांगावे लागले नसते.

प्रश्न : आठवडी बाजारातल्या भंगारवाल्याकडून एक जाड पाना घेतला. त्यावर ‘१/४ डब्ल्यू’ असे कोरलेले आहे. पाव इंच म्हणजे साडेसहा मि.मी.सुद्धा होत नाही, पण तोंड त्याच्या दुप्पट रुंद आहे. १३ चा नट त्यात सैल पडतो आणि १४ चा शिरत नाही. पाना झिजलेला आहे की आकडाच चुकीचा आहे?
(एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : दोन्ही शंका निराधार आहेत. ‘डब्ल्यू’ म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये आट्यांची मापे एकसारखी करण्याची पद्धत मांडली. त्या पद्धतीच्या पान्यावरचा आकडा त्याच्या तोंडाचा नसतो. ज्या बोल्टच्या डोक्याला तो बसतो, त्या बोल्टच्या दांड्याची जाडी तो सांगतो. पाव इंची बोल्टचे डोके ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मि.मी. रुंद असते, आणि आपल्या पान्याचे तोंड नेमके तेवढेच आहे. याच हिशेबाने ५/१६ चा पाना सुमारे १५.२ आणि ३/८ चा सुमारे १८ मि.मी.चा भरतो.

गोंधळ एवढ्यावर संपत नाही. बारीक आट्यांच्या ‘बीएसएफ’ बोल्टचे डोके त्याच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टपेक्षा एक माप लहान असते, त्यामुळे एकाच तोंडावर ‘१/४ डब्ल्यू’ आणि ‘५/१६ बीएसएफ’ अशा दोन खुणा आढळतात आणि त्या दोन्ही बरोबर असतात. ‘एएफ’ असे लिहिले असेल, तर मात्र आकडा तोंडाच्याच रुंदीचा, पण इंचात असतो. म्हणून भंगारात आकडा पाहून पाना निवडू नये. खिशात व्हर्नियर (बारीक माप घेण्याची सरकती पट्टी) ठेवावा, तोंड मोजावे आणि घरी आणल्यावर मि.मी.मधले माप चिठ्ठीवर लिहून सुतळीने बांधावे. माझ्या संग्रहातील निम्मे पाने या चिठ्ठ्यांमुळेच हाताशी येतात.

आपला १३.३ चा पाना १३ च्या नटावर वापरू नका. तीन दशांश मि.मी.चा फरक किरकोळ दिसतो, पण जोर लावल्यावर नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी घेऊन बसावे लागते. आट्यांचेही असेच आहे. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचात २० आटे असतात, इंग्रजी सायकलींच्या बोल्टला २६. जाडी सारखी म्हणून एकाचा नट दुसऱ्यावर दाबून चढवला, तर दोन्ही वाया जातात. सोनीपतचे अ‍ॅटलस १९५१ पासून आणि लुधियानाचे हिरो १९५६ पासून सायकली बनवू लागले, तेव्हा गावोगाव पोहोचलेली ती काळी, आडव्या दांड्याची सायकल घडणीने इंग्रजी वळणाचीच होती. त्यामुळे जुन्या पेटीत इंची हत्यारे निघाली, तर नवल वाटून घेऊ नये.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या सायकलचा कॉटर निघत नव्हता. गावातील एका मुलाने हातोडीने पन्नास घाव घालून तो काढला आणि नवीन बसवला. आता दोन पायडल एका रेषेत येत नाहीत आणि पाय मारताना आतून करकर आवाज येतो.
(एक वाचिका, ता. मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : यात दोन वेगळ्या चुका झाल्या आहेत. कॉटर ही पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, मधल्या आसाला घट्ट धरणारी, एका बाजूने उतरती सपाटी असलेली पाचर आहे. दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घालावे लागतात. एकाचा नट वर आला, तर दुसऱ्याचा खाली आला पाहिजे. एकाच दिशेने घातल्यास किंवा सपाटीचा उतार सारखा नसल्यास पायडल वाकडे दिसतात. जुना कॉटर असेल, तर नव्याची सपाटी त्याच्याशी ताडून कानशीने सारखी करावी.

करकर आवाजाचे कारण ते पन्नास घाव आहे. खाली आधार नसल्यामुळे प्रत्येक घाव आसामार्गे आतल्या छर्ऱ्यांवर आणि वाटीवर गेला. वाटीत खड्डे पडले असतील, तर वाटी आणि छर्रे बदलावे लागतील. येथे बहुधा पाव इंची छर्रे असतात. चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, म्हणून ती नेहमीच्या उलट दिशेने फिरवावी.

पुढच्या वेळी कॉटरचे डोके आत शिरेल एवढ्या रुंदीचा लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपासून क्रँकपर्यंत येईल असा कापून क्रँकखाली उभा ठेवावा. कॉटरचा नट पूर्ण न काढता आट्यांच्या टोकाबरोबर येईपर्यंत सैल करावा, म्हणजे आटे चेपत नाहीत. मग जड हातोडीने एकच नेमका घाव घालावा. जुन्या दुकानांतून कॉटर दाबून काढणारा स्क्रूचा शिकंजा कधी मिळाला, तर किमतीची घासाघीस न करता घ्यावा. संपूर्ण संग्रहात त्याच्याइतके उपयोगी हत्यार क्वचितच असते.

प्रश्न : डावा पायडल कितीही जोर लावला तरी सुटत नाही.
(एक विद्यार्थी, ता. अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : तो घट्ट होतो आहे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सोडवताना पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा.

प्रश्न : विकत घेतलेल्या प्रत्येक पान्यावर मूळ मालकाने छिन्नीने तीन रेघा मारलेल्या आहेत. पॉलिश करताना त्या घासून टाकाव्यात का?
(एक वाचक, ता. तुमसर, जि. भंडारा)

उत्तर : कृपया घासू नका. शेजारच्या दुकानाला उसना दिलेला पाना ओळखून परत मागता यावा, म्हणून कारागीर अशी खूण करीत असत. तीन रेघांचे आणखी पाने त्या परिसरात कोणाकडे आहेत का, याची मात्र चौकशी करून पाहावी.