ग्राफिक्स कार्डाचा वॉटर ब्लॉक : वाचकांचे प्रश्न

(वॉटर ब्लॉक म्हणजे संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर बसणारा, आतून पाणी फिरवून चिपा थंड करणारा धातूचा ठोकळा.)

प्रश्न (फोंडा) : घरी ॲल्युमिनियमची जाड पट्टी पडून आहे; तिचाच ब्लॉक करून घेतला तर?

उत्तर : रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग, तांब्या-पितळेचा असेल तर मुळीच करू नये. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की विद्युतघट तयार होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते. शिवाय तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक आहे. न्हाणीतले पाणी तापवायचे तांब्याचे भाण आठवा.

प्रश्न (म्हापसा) : वर्कशॉपवाल्याला कोणती मापे द्यावीत?

उत्तर : बहुतेक जण पाण्याच्या चरांवर डोके खपवतात, वास्तविक ब्लॉक फसतो तो उंचीत. समजा, बोर्डापासून मुख्य चिप मेमरीपेक्षा ०.६ मिलिमीटर उंच आहे. तळ सरसकट सपाट ठेवून मेमरीवर १ मिलिमीटरचा थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) घातला, तर तो ०.६ मिलिमीटरच्या फटीत मावेल इतका दबत नाही आणि ब्लॉक मुख्य चिपेवर नीट टेकतच नाही. म्हणून मेमरीवरचा भाग ०.२ मिलिमीटर खोल मिल करून घ्यावा, म्हणजे फट ०.८ होते आणि पॅड हवा तेवढाच दबतो. माझ्या पहिल्या ब्लॉकात मी एका कपॅसिटरची उंची अंदाजाने धरली आणि तांब्याचा तुकडा वाया गेला; तेव्हापासून व्हर्नियर हातात घेतल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही. २ मिलिमीटर जाडीच्या ओ-रिंगसाठी (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यासाठी) खाच सुमारे १.५ ते १.६ मिलिमीटर खोल असावी. फिटिंगसाठी (नळी जोडायच्या तुकड्यांसाठी) पाव इंची बीएसपी पॅरलल, म्हणजे पाइपांचे प्रमाणित सरळ आटेच मागावेत; निमुळत्या आट्यांनी ॲक्रिलिकचे झाकण तडकते.

प्रश्न (मडगाव) : पावसाळ्यातल्या दमट हवेने ब्लॉकवर दव धरेल का?

उत्तर : रेडिएटर खोलीच्याच हवेने थंड होत असल्याने त्यातले पाणी त्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि दवबिंदू हवेच्या तापमानाच्या वर जात नाही, त्यामुळे एरवी भीती नाही. मात्र रात्रभर एसीत गारठलेल्या खोलीची खिडकी जुलैच्या सकाळी उघडलीत, तर बंद मशीनवरही दव धरू शकते. अशा वेळी थोडे थांबून मगच मशीन सुरू करावे.

प्रश्न (वास्को) : गळती कशी तपासावी?

उत्तर : कार्डाला वीज न देता, सांध्यांखाली टिश्यू पेपर ठेवून, केवळ पंप रात्रभर चालवावा. पाणी डिस्टिल्ड असावे. ॲक्रिलिकचे झाकण स्पिरिटने पुसू नये, त्याला बारीक चिरा पडतात.