काय घरी, काय बाहेर: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत सणवार, सहली आणि हॉटेलातले जेवण असे विषय निरनिराळे असले, तरी घरी नेमके काय करायचे आणि बाहेरून काय आणायचे, ही अडचण बहुतेकांची एकच आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: सासूबाई गेल्यापासून गौरींचे सगळे माझ्यावर आले आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो. पूजनाच्या दिवशी बारा-चौदा माणसे जेवायला असतात. पुरणपोळी, सोळा भाज्या, पाच कोशिंबिरी, सगळे सासूबाई एकहाती करत. नैवेद्य बाहेरून मागवला किंवा पाहुण्यांना हॉटेलात नेले, तर ते चुकीचे ठरेल का? (कोथरूडहून एक वाचक)

उत्तर: सासूबाई एकहाती करत, असे आपण लिहिले आहे, पण त्यांच्या वेळी घरात जावा, नणंदा आणि शेजारणी मिळून किमान चार हात तरी वावरत असणार. ते हात आज आपल्याकडे नाहीत, आणि म्हणून आधी कामाचे गणित मांडावे, नियमांचे नंतर पाहावे.

नियम म्हणाल, तर गौरींच्या बाबतीत सर्वांना लागू असा एकच नियम नाही. आहे तो कुळाचार. कोकणस्थांकडे पाणवठ्यावरून न बोलता आणलेले खडे पुजतात आणि घावन-घाटल्याचा नैवेद्य दाखवतात. देशावरच्या घरांत मुखवट्यांच्या गौरी साडी नेसून उभ्या राहतात आणि त्यांना पुरण लागते. काही घरांत तर गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. सर्वत्र समान आहे ती नक्षत्रांची चौकट. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन असते. म्हणून दरवर्षी वार बदलतो आणि रजेचा अर्ज पंचांग पाहूनच करावा लागतो. आपल्या घरचा कुळाचार नेमका कोणता, हे मोठ्या नणंदेला किंवा आत्तेसासूबाईंना फोन करून विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. माझा अनुभव असा, की अशी चौकशी केली म्हणजे यादी लहान होते. पाच कोशिंबिरी कुणा एका वर्षी हौसेने झालेल्या असतात आणि पुढे त्यांचाच कुळाचार होऊन बसतो. सोळा भाज्याही अनेक घरी वेगवेगळ्या न करता एकत्र चिरून एकच भाजी करतात. मंडईत आदल्या दिवशी जाऊन प्रत्येकीची मूठ-मूठ घेतली, की काम भागते.

आता पुरणाविषयी. पोळ्या बाहेरून आणायला माझी हरकत नाही. पुण्यात पोळ्या करून देणाऱ्या गृहिणींची आणि पोळीभाजी केंद्रांची उणीव नाही, मात्र गौरींच्या दिवसांसाठी त्यांच्याकडे आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवावे लागते. अडचण निराळीच आहे, आणि ती ऐनवेळी लक्षात येते. पोळ्या विकत आणल्या, की घरात डाळ शिजत नाही. डाळ शिजली नाही, की कट निघत नाही. आणि कट नाही, तर कटाची आमटी कुठून येणार? पोळीशिवाय एखादा पाहुणा जेवेल, पण आमटीचा दुसरा वाटा मागितल्यावाचून कुणी उठत नाही. यावर उपाय असा. पावकिलो हरभऱ्याची डाळ घरीच शिजवावी. तिचा कट बाजूला काढावा, मूठभर शिजलेली डाळ वाटून त्यातच मिसळावी, म्हणजे गोडा मसाला, चिंच, गूळ आणि भाजलेले खोबरे घालून चौदा माणसांना वाटी-वाटी पुरेल एवढी आमटी होते. उरलेल्या डाळीत गूळ घालून, कालथा पुरणात सरळ उभा राहीपर्यंत ते आटवावे आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावे, कारण गार झालेले पुरण यंत्राला दाद देत नाही. यंत्राचा दांडा फिरवायला मनगटात जोर लागतो. तो आपल्या यजमानांकडे आणि चिरंजीवांकडे असेल, तर त्यांना त्या दिवशी तेच काम द्यावे. एवढ्या पुरणाच्या सहा-सात पोळ्या होतात. नैवेद्याच्या पाच घरच्या, पंगतीच्या बाहेरच्या. बाहेरच्या पोळ्या वाढण्यापूर्वी तव्यावर तूप सोडून गरम केल्या, की कोणती कुठली हे विचारायचे भान कुणाला राहत नाही.

हॉटेलचे मात्र मला पटत नाही, आणि त्याचे कारण धार्मिक नाही. गणपतीच्या त्या दिवसांत शहराच्या मध्यभागातले रस्ते संध्याकाळी वाहनांसाठी कधी बंद होतील याचा भरवसा नसतो. चौदा माणसांना घेऊन बाहेर पडायचे, दारात तासभर तिष्ठायचे आणि संध्याकाळच्या हळदीकुंकवाला धापा टाकत घरी परतायचे, यात श्रम वाचत नाहीत. जेवणासाठी बाहेर जायचेच असेल, तर उत्सव आटोपल्यावर एखाद्या रविवारी टिळक रस्त्यावर थाळी जेवायला जावे आणि त्या दिवशी ओट्याकडे फिरकूही नये.

प्रश्न: आई-वडिलांना (वय ७४ आणि ७८) अष्टविनायक घडवायचे आहेत. दोन दिवसांत गाडीने आठही होतात असे सगळे सांगतात. क्रम पाळावा का? (हडपसरहून एक वाचक)

उत्तर: दोन दिवसांत आठही होतात, हे खरे आहे, फक्त त्यानंतर दोन दिवस अंथरूण धरावे लागते. या वयाच्या माणसांना तीन दिवस द्यावेत, किंवा दोन खेपा कराव्यात.

परंपरेचा क्रम मोरगावपासून सुरू होतो आणि शेवटी पुन्हा मोरगावला येऊन यात्रा पुरी होते. तो क्रम तंतोतंत पाळायचा तर रस्त्याने उलटसुलट खेटे घालावे लागतात, म्हणून बहुतेक मंडळी सोयीने जातात. आठांपैकी मोरगाव, थेऊर, रांजणगाव, ओझर आणि लेण्याद्री ही पाच ठिकाणे पुणे जिल्ह्यात आहेत. सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात, तर पाली आणि महड घाटाखाली रायगड जिल्ह्यात. आपण हडपसरला राहता, तेव्हा पहिल्या दिवशी थेऊर, मोरगाव आणि सिद्धटेक करून घरी परतावे. दुसऱ्या दिवशी रांजणगाव, ओझर आणि लेण्याद्री करून मुक्काम जुन्नर परिसरात करावा किंवा परत यावे. घाटाखालच्या दोन गणपतींना वेगळा दिवस ठेवावा.

लेण्याद्रीचा विचार आधीपासून करावा. आठांपैकी डोंगरातल्या लेण्यात असलेला गणपती हा एकच, आणि तिथवर सुमारे तीनशे दगडी पायऱ्या आहेत. डोलीवाले मिळतात. भाव चढण्याआधीच ठरवावा आणि सकाळी लवकर पोहोचावे. दुपारी त्या पायऱ्या तापतात आणि वर दर्शनाआधी चपला काढायच्या असतात. वडिलांना गुडघ्याचा त्रास असेल, तर पायथ्याशी बसून हात जोडण्यात काही कमीपणा नाही. ओझरला मात्र गाडी बरीच जवळ जाते.

एक गोष्ट स्वतःच्या फजितीवरून सांगते. गणपती आहे तो महडला, म्हणजे खोपोलीजवळच्या, खालापूर तालुक्यातल्या लहानशा गावी. आणि महाड हे रायगड किल्ल्याच्या बाजूचे, चवदार तळ्याचे शहर. आमच्या चालकाने मोबाईलच्या नकाशात एक काना जास्त दिला आणि आम्ही मागे बसून गप्पा मारत राहिलो. मुंबई-गोव्याच्या रस्त्याला बराच वेळ लागल्यावर माझ्या जाऊबाईंना शंका आली. त्या दिवशी वरदविनायकाचे दर्शन काही झाले नाही. वाटेत चांगले पोह्याचे पापड तेवढे मिळाले.

संकष्टी, विशेषतः अंगारकी, आणि माघी गणेशजयंती हे दिवस टाळावेत. एसटीने एखादे ठिकाण करायचे मनात असेल, तर ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य आहे, आणि सर्व महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. वडिलांचे आधारकार्ड बरोबर ठेवावे.

प्रश्न: वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त आम्ही एका हॉटेलात चाळीस माणसांचे जेवण ठेवले. बिलात दहा टक्के सेवाशुल्क लावलेले होते. प्रसंग शुभ, म्हणून न बोलता दिले. पण ते द्यावेच लागते का? (औंधहून एक वाचक)

उत्तर: द्यावेच लागते असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलाला सेवाशुल्क बिलात आपणहून लावता येत नाही, दुसऱ्या कोणत्या नावाखाली घेता येत नाही आणि ते न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या. जीएसटी हा कर आहे, तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क हा कर नव्हे. बिलात या दोन ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात, त्यामुळे माणूस दोन्ही सरकारी समजून चालतो. ‘ही ओळ काढून बिल पुन्हा द्या’ असे शांतपणे सांगावे. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर काम होते. न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

मोठ्या पंगतीसाठी मात्र हे बोलणे आगाऊ रक्कम देतानाच करावे आणि दर लेखी घ्यावा: ताटाचा दर करासह की कराविना, माणसे कमी आली तर किमान किती ताटांचे पैसे, आणि गोड पदार्थ पुन्हा वाढणार की नाही. शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. चाळीस माणसांत श्रीखंड एकदाच फिरले, तर त्याची चर्चा पुढच्या लग्नापर्यंत चालते. वाढणाऱ्या मुलांना द्यायचे असेल ते पाकीट त्यांच्याच हाती द्यावे.

प्रश्न: लहानपणी संक्रांत नेहमी १४ जानेवारीलाच असे. आता कधी १५ ला येते. गुळाच्या पोळ्यांची मागणी कोणत्या तारखेला नोंदवू? (धनकवडीहून एक वाचक)

उत्तर: आपले इतर सण चंद्राच्या तिथीवर चालतात आणि संक्रांत सूर्यावर, म्हणून तिची तारीख जवळजवळ स्थिर वाटते. सूर्य मकर राशीत जाण्याचा क्षण दरवर्षी सुमारे सहा तासांनी पुढे सरकतो आणि लीप वर्षाचा जादा दिवस त्याला पुन्हा मागे आणतो. हा क्षण १४ तारखेच्या रात्री किंवा मध्यरात्रीनंतर आला, की संक्रांत १५ ला धरतात. २०२४ मध्ये ती १५ ला होती, २०२५ मध्ये १४ ला. याशिवाय पंचांगातले वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असल्यामुळे साधारण सत्तर वर्षांत हा सण एका दिवसाने पुढे जातो. आपल्या नातवंडांना १५ जानेवारीच ओळखीची वाटेल.

पोळ्यांचे म्हणाल, तर गुळाची पोळी पुरणपोळीसारखी नाशवंत नाही. ती आठवडाभर उत्तम टिकते. १२ तारखेला आणून ठेवाव्यात. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी मात्र घरीच करावी, कारण ती भाकरी तव्यावरून उतरल्यावर दहा मिनिटांत खाल्ली नाही, तर तिच्यात काही उरत नाही.

प्रश्न: २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. जावयाला धोंड्याचे जेवण हॉटेलात दिले आणि अनारसे विकत आणले, तर जावई रागावतील का? (सिंहगड रस्त्यावरून एक वाचक)

उत्तर: जावई रागावणार नाहीत, आपल्या विहीणबाईंचे सांगता येत नाही. हा अधिक मास १७ मे ते १५ जून असा ऐन उन्हाळ्यात आहे. अनारशाच्या तांदळाचे पाणी तीन दिवस रोज बदलावे लागते आणि या उकाड्यात एक दिवस जरी चुकला, तरी तांदूळ आंबूस होतात. तेव्हा तयार पीठ आणून घरी तळावेत: खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आचेवर, न उलटता, झाऱ्याने वरून तूप उडवत. जावयाच्या वाणाचे सगळे तेहेतीस जाळीदार व्हावेत अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. माझ्या आईच्या कढईतही पहिले दोन-तीन हसायचेच, म्हणजे तुपात विरघळून जायचे. म्हणून ती पीठ नेहमी चाळीस अनारशांचे घेई.